नेढ्यातला वारा आणि गाडीचं पोट

राजगडाच्या सुवेळा माचीवर नेढं आहे, कातळाला आरपार पडलेलं भोक. पायथ्याच्या गुंजवण्याहून धापा टाकत चढलेला माणूस तिथे टेकतो खरा, पण टोपी हातात धरून. कातळावर आदळून अडलेला वारा त्या एवढ्याशा वाटेने पलीकडे निसटायला बघतो. सुपरकारलाही असंच एक नेढं असतं, फक्त ते तिच्या पोटाखाली असतं.

पोट आणि डांबर यांच्यातल्या चिंचोळ्या फटीतून हवा वेगाने गेली की तिचा दाब उतरतो आणि गाडी रस्त्याला चिकटते. मागे हे पोट हळूहळू वर उचललेलं असतं. त्या भागाला डिफ्यूझर म्हणतात. चढ सौम्य असेल तर हवा सावकाश पसरते. घाईने उचललं की प्रवाह सुटतो आणि मेहनत पाण्यात जाते. प्रवाह कुठे सुटला हे बघायचा जुना उपाय भलताच घरगुती आहे: पत्र्यावर लोकरीचे तुकडे चिकटवायचे. धागा निजला तर हवा अंगाला धरून आहे. फडफडला तर सुटली.

लोक बघतात वरचा आकार. पण नुसती गोलाई धोक्याची, कारण फुगीर छत विमानाच्या पंखासारखं उचल घेतं. १९९८ मध्ये आलेली ऑडी टीटी दिसायला देखणी, पण जर्मनीत भरवेगातले अपघात झाल्यावर तिच्या शेपटाला ही उचल मोडणारा छोटा स्पॉयलर लावावा लागला.

आता थोडा हिशेब. समोरून दोन चौरस मीटर दिसणारी, ०.३५ अवरोधांकाची (आकार हवेला किती अडतो याचा आकडा) गाडी धरली, तर ताशी १०० किलोमीटरला हवा कापायला सुमारे १२ अश्वशक्ती पुरते. ३०० ला सुमारे ३३० लागते! वेग तिप्पट, खर्च सत्तावीसपट.

म्हणूनच कार डिझायनर दिलीप छाब्रियांच्या अवंती या स्पोर्ट्स कारकडे या हिशेबाने बघावं. २०१२ च्या दिल्लीतल्या ऑटो एक्स्पोत ती झळकली. दोन लिटरचं टर्बो इंजिन, सुमारे २५० अश्वशक्ती, तेही पाठीमागे. अशा गाडीत पंखाच्या तोऱ्यापेक्षा इंजिनापर्यंत थंड हवा पोचवणं महत्त्वाचं. टाटा मोटर्सची रेसमो ही स्पोर्ट्स कार २०१७ मध्ये जिनिव्हाला दिसली, १९० अश्वशक्तीची, आटोपशीर. ती विक्रीला आलीच नाही, याची हळहळ पिंपरी-चिंचवडच्या गाडीवेड्यांना अजून असेल.

आणि राजगडाकडे नेणारा नसरापूर ते वेल्हे रस्ता? एका मर्यादेपर्यंत, जितकं पोट खाली, तितकी पकड घट्ट. पण गतिरोधकाला हे शास्त्र कोण सांगणार? म्हणून बऱ्याच सुपरकारना नाक उचलायचं बटण असतं. पुढची चाकं खाली रेटून नाक काही सेंटिमीटर वर येतं. पोटाखालची फट बिघडते, पण त्या वेगाला वाऱ्याचं काही अडत नाही. मार्गासनीजवळ अशी गाडी नाक वर करून, तिरकी होत, इंचाइंचाने गतिरोधक चढायला लागली, तर मागची वेल्ह्याची एसटी हॉर्न वाजवल्याशिवाय राहायची नाही.