शिक्षक झाले राष्ट्रपती

आज ऐकूया एका शिक्षकाविषयी.
हे शिक्षक पुढे देशाचे राष्ट्रपती झाले.
त्यांचं नाव, डॉ. झाकीर हुसेन.

त्यांचा जन्म १८९७ चा, हैदराबादचा.
वडील लवकर गेले.
शिक्षण इटावा आणि अलिगढला झालं.

१९२० मध्ये गांधीजींची असहकाराची हाक आली.
झाकीर हुसेन यांनी सरकारी मदतीवरचं कॉलेज सोडलं.
सोबत्यांसह नवी राष्ट्रीय संस्था उभारली.
ती म्हणजे जामिया मिलिया इस्लामिया.

मग ते बर्लिनला गेले.
अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली.

इकडे पैशाअभावी जामिया बंद पडायला आली होती.
त्यांनी तिकडून कळवलं,
आम्ही येतोय, संस्था बंद करू नका.

१९२६ मध्ये ते परतले.
जामियाचे कुलगुरू झाले.
तुटपुंज्या पगारावर, वीसहून अधिक वर्षं, संस्था सांभाळली.

आपल्या वर्ध्याशीही त्यांचं नातं आहे.
१९३७ मध्ये गांधीजींनी तिथं शिक्षण परिषद भरवली.
अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते झाकीर हुसेन.
मुलांनी हातानं काम करत शिकावं,
मातृभाषेतून शिकावं,
हा समितीच्या शिक्षण योजनेचा गाभा.

पुढे ते अलिगढ विद्यापीठाचे कुलगुरू झाले.
मग बिहारचे राज्यपाल, आणि उपराष्ट्रपती.
१९६७ मध्ये ते राष्ट्रपती झाले.
१९६९ मध्ये, पदावर असतानाच, त्यांचं निधन झालं.

श्रोतेहो, लक्षात ठेवूया.
आधी शिक्षक, मग राष्ट्रपती.
देश घडवण्याचं काम त्यांनी वर्गातूनच सुरू केलं होतं.