बडनेऱ्याचे तीन तास
(वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



२०२५ साली आपल्या बेलोऱ्याहून मुंबईचे विमान सुरू झाले, तरी वाटेत गाडी बदलणारी आपली पाहुणी बडनेऱ्यालाच उतरते. मुंबई-नागपूर हा मोठा लोहमार्ग तेथूनच जातो. अमरावती राहते फाट्यावर, सुमारे १० किलोमीटर आत. बहीण-नणंद अशी दोन गाड्यांच्या मध्ये थांबली की आपण फलाटावर डबा पोचवतो, आणि ती सामान राखत बसते. पुरुषमंडळी पाय मोकळे करून येतात. बाईने मात्र जागचे हलायचे नाही!

माझे म्हणणे एवढेच की, तीन तास हाती असले तर तिला गावात आणावे. जाण्यायेण्याला एक तास, गावात एक तास, आणि उरलेला तास गाडीसाठी राखावा. त्याला हात लावू नये. सामानापाशी सर्वांनी आळीपाळीने बसावे.

ठिकाण मात्र एकच निवडावे. अंबादेवीला नेले तर शेजारीच एकवीरा. याच देवळात अस्पृश्य मानलेल्या बांधवांना प्रवेश मिळावा म्हणून १९२७ साली डॉ. पंजाबराव देशमुखांनी सत्याग्रह केला, तेही तिला सांगावे. नाहीतर गाडगेबाबांच्या समाधीवर न्यावे. चार घरी चहा पाजत मात्र फिरवू नये. त्यातच गाडी चुकते.

वेळ दोन तासांहून कमी असला, तर आपला डबाच बरा. पण तेव्हाही घटकाभर सामानापाशी आपण बसावे आणि तिला म्हणावे, “बाई, तू जरा फिरून ये.”