आईचं क्रीम मीच बंद करायला लावलं होतं

आजचा विषय कळला की काही जण हेडफोन शोधतील. शोधा. पण ऐकून झाल्यावर घरी आईशी, मावशीशी बोला, एवढं आधीच मागून ठेवते. आणि हो, हे सगळं आईला विचारूनच सांगतेय.

मी किल्लारीची. भूकंपानंतर जन्मलेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या त्या पहाटेबद्दल आई तासभर बोलू शकते. पण लघवीच्या जागी आग होते, हे सांगायला तिला दोन वर्षं लागली. "अगं माय, ही काय सांगायची गोष्ट हाय का?"

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिची पाळी गेली. मग कोरडेपणा, खाज, जळजळ, सारखं लघवीला लागणं. लातूरला जायचं म्हटलं की सकाळपासून पाणी बंद. एसटीत लागली तर कुठं जाणार? दर दोन-तीन महिन्यांनी लघवीचं इन्फेक्शन, गोळ्यांचा कोर्स, पुन्हा तेच. संबंधाच्या वेळी दुखायचं, म्हणून ती टाळायची. बाबांना वाटायचं, ही रागावलीय. दोघंही गप्प.

शेवटी लातूरच्या एका डॉक्टर मॅडमनी तपासलं आणि नीट समजावलं. पाळी गेली की शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं. योनीची आणि मूत्रमार्गाची त्वचा त्यावरच जगते. ती पातळ, कोरडी होते. तिथले चांगले जिवाणू कमी होतात, आम्लता घटते आणि इन्फेक्शनला वाट मिळते. २०१४ पासून याला जीएसएम म्हणतात, म्हणजे जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज. अंगातून वाफा येणं बहुतेकींचं हळूहळू कमी होतं. हे मात्र उपचाराशिवाय सहसा जात नाही.

मॅडमनी योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं. सुरुवातीला दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा.

आता माझी चूक. मी पुण्यातून व्हिडिओ कॉलवर खोक्यातली चिठ्ठी वाचली. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात! म्हटलं, "आई, बंद कर ते." बीटेक झालेली लेक सांगतेय म्हटल्यावर तिनं ट्यूब कपाटात टाकली. दीड महिन्यात इन्फेक्शन परत, या वेळी तापासकट.

मॅडम मला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ही भीती मुख्यतः पोटात घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्यांवरून आली. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात त्या गोळ्यांचे धोके दिसले आणि तीच चेतावणी क्रीमवरही छापली गेली. पण कमी डोसचं क्रीम जागेवरच काम करतं, रक्तात फार थोडं जातं. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं ती ठळक चेतावणी काढायचं जाहीर केलं. मी सॉफ्टवेअरमधली, पण चिठ्ठी वाचताना औषध कोणत्या वाटेनं जातं, हे पाहिलंच नाही.

तरी मेडिकलमधून आपलं आपण आणू नका. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी आधी तपासणी. शुगर असेल तर खाज बुरशीचीही असू शकते.

हार्मोन नको असेल तर योनीसाठीचं मॉइश्चरायझर आठवड्यातून दोन-तीनदा लावता येतं, संबंधाच्या वेळी पाण्यावर आधारित लुब्रिकंट वापरता येतं. साबणानं आतून धुऊ नका, कोरडेपणा वाढतो.

आणि हे फक्त पन्नाशीचं दुखणं नाही. शेजारच्या बीडमध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशयं काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर तिशीतल्या बाईलाही हाच त्रास एकदम सुरू होतो. तिला हे कोण सांगतं?

आईनं क्रीम पुन्हा सुरू केलं. काही आठवड्यांत आग कमी झाली, पुरता आराम पडायला तीनेक महिने लागले. बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही, हे आता ती मला सांगते.

परवा ती पुण्याला आली. एसटीतून उतरली तेव्हा हातातली पाण्याची बाटली रिकामी होती. म्हटलं, सांडली का? तर म्हणाली, "प्याले की."

आज घरी फोन लावा. भेटू पुढच्या भागात.