कॉलेजांतला वडील भाऊ



मुलगा कॉलेजांत गेला म्हणजे आपण फी भरतों, पीठमीठ पोंचवितों. पण तेथें त्याचा हात कोण धरतो, हें विचारीत नाहीं. म्हणून अमेरिकेंतील एक हकीकत सांगतों. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ ज्या देशच्या भल्या लोकांस अर्पण केली, तोच हा देश.

तेथें गुलामी १८६५ सालीं कायद्यानें उठली. काळ्या मुलांची हेटाळणी उठली नाहीं. कॉर्नेल विद्यापीठांतलीं अशीं सहा मुलें १९०५ सालीं सुटीवरून परतलींच नाहींत. राहिलेलीं एकत्र बसून अभ्यास करूं लागलीं, आणि ४ डिसेंबर १९०६ रोजीं सातजणांनीं ‘आल्फा फाय आल्फा’ हें बंधुमंडळ स्थापिलें. स्वतः शिकून तीं थांबलीं नाहींत. १९२२ पासून ‘हायस्कुलांत जा, कॉलेजांत जा’ अशी मोहीमच मंडळानें काढली. १९६७ सालीं तेथील सुप्रीम कोर्टाचे पहिले काळे न्यायमूर्ति झालेले थर्गुड मार्शल ह्याच मंडळाचे.

पण जेथें गूळ तेथें मुंगळे. नव्या पोरास मारणें, बळें दारू पाजणें, असे प्रकार तिकडच्या गोऱ्या-काळ्या दोन्ही मंडळांत झाले, पोरें मेलीं. आपल्याकडे ह्यासच रॅगिंग म्हणतात. १९९० सालीं काळ्यांच्या मंडळांनीं उमेदवारीची जुनी रीत बंद केली, तरी खोड पुरती गेली नाहीं. छडीनें शहाणपण येतें असें आम्ही मास्तरही मानीत होतों, म्हणून हें बोलतांना आमची मान जरा खालीं जाते.

तेव्हां पोरगा सुटीवर आला म्हणजे मार्क मागाहून विचारा. आधीं विचारा, बाबा, वरच्या वर्गाचा कोण तुझ्या खोलीवर येतो? आणि तो आला म्हणजे तूं पुस्तक उघडतोस, कीं दाराला कडी लावतोस?