मागचा दिवा

मी साहित्य शिकवणारा माणूस. इंजिनाचा आणि माझा संबंध किल्ली फिरवण्यापुरता. तेव्हा गाड्यांच्या दिव्यांविषयी मी बोलावे, याचे आपणांपैकी कोणाला हसू आले तर त्यात वावगे काही नाही. पण दिवाळीच्या सुमारास एका संध्याकाळी असे घडले की, तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

कॉलेजातले काम आटोपून मी बुलढाण्याहून स्कूटरवर देऊळघाटला परतत होतो. दिवस मावळून बराच वेळ झाला होता. समोरून एक जीप आली, तिचे दिवे अप्परवर. डोळे दिपले. ती निघून गेल्यावर क्षणभर सारा काळोखच काळोख. आणि त्या काळोखातून एकाएकी एका ट्रॉलीची मागची फळी माझ्या पुढ्यात उभी राहिली! सोयाबीन बाजारात घालून रिकामी परतणारी ट्रॉली होती ती. मागे दिवा नाही, रेडियमची पट्टी नाही, आणि सारे अंग चिखलाने माखलेले. कसाबसा ब्रेक दाबला आणि स्कूटर रस्त्याच्या कडेला घातली. वाचलो, एवढेच.

रागाच्या भरात पुढे जाऊन ट्रॅक्टर थांबवला आणि त्या गृहस्थांना चार शब्द सुनावले. त्यांनी ते मुकाट्याने ऐकून घेतले. मग माझ्या स्कूटरच्या मागे जाऊन ते शांतपणे म्हणाले, "सर, तुमचाबी मांगचा लाईट बंद हाये."

आता काय बोलणार? कधीपासून बंद होता, देव जाणे. पुढचा दिवा गेला तर आपल्याला लगेच कळते, कारण वाटच दिसत नाही. मागचा दिवा मात्र चालवणाऱ्याला कधीच दिसत नाही. तो पेटला काय किंवा विझला काय, आपले काही अडत नाही. अडते ते मागून येणाऱ्याचे. म्हणजे पैसे आपण भरले, बल्ब आपण बसवला, तरी तो दिवा खरा दुसऱ्याच्या उपयोगाचा. आणि दुसऱ्याच्या उपयोगाच्या वस्तूकडे आपले लक्ष किती असते, हे मी वेगळे सांगायला नको.

त्या रात्री झोप लागेना, म्हणून दुसऱ्या दिवशी केंद्रीय मोटार वाहन नियमांचे पुस्तक मिळवून चाळले. हे नियम १९८९ सालचे. त्यात म्हटले आहे की, सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत, आणि उजेड अपुरा असेल तेव्हा केव्हाही, वाहनाचे दिवे लागलेले हवेत. मागचा तांबडा दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. नंबराच्या पाटीवर पांढरा उजेड असा पडावा की, ती १५ मीटरवरून वाचता यावी.

हा १५५चा आकडा प्रथम मला विचित्र वाटला. दीडशे का नाही? मग कागद घेऊन हिशेब मांडला. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर तोडते. तांबडा दिवा १५५ मीटरवरून दिसला, तर मागच्याला सावध व्हायला नऊ सेकंद मिळतात. दिवा नसलेली, मळकट ट्रॉली डिपरच्या उजेडात दिसते ती जेमतेम तीस-पस्तीस मीटरवरून. तिथे हाती राहतात दोन सेकंद. त्यातला एक सेकंद "अरे, हे काय?" असे मनात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत संपतो. उरलेल्या एका सेकंदात गाडी थांबायची कशी? नऊ सेकंद आणि दोन सेकंद, एवढाच काय तो फरक; पण घरी पोहोचणे न पोहोचणे त्यावर ठरते.

पुढच्या दिव्यांचा नियमही असाच दुसऱ्याची काळजी वाहणारा आहे. दिव्यापासून आठ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा असेल, त्याचा डोळा दिपता कामा नये, इतका झोत खाली झुकलेला हवा. आपण डावीकडून चालतो, तेव्हा हा उजवीकडचा डोळा कोणाचा? समोरून येणाऱ्याचा!

बरे, हे सारे तपासायचे कोणी? आपल्याकडे त्या तपासणीला 'पासिंग' म्हणतात. भाड्याने चालणाऱ्या आणि मालाच्या गाडीला आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरसाल पासिंग करून घ्यावे लागते. घरच्या मोटारीची किंवा स्कूटरची नोंदणी मात्र एकदा झाली की पंधरा वर्षे चालते. पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. शेतीचा ट्रॅक्टरही याच पंगतीत बसतो. म्हणजे एखादे पोर जन्मल्यापासून दहावीच्या वर्गात जाईपर्यंत घरच्या गाडीचा मागचा दिवा सरकारी तपासणीला एकदाही सामोरा जात नाही.

ब्रिटनमध्ये अशी तपासणी १९६० साली सुरू झाली. पहिल्याने ती दहा वर्षांच्या जुन्या गाड्यांपुरती होती आणि ब्रेक, स्टिअरिंग व दिवे एवढेच त्यात पाहत. आज तिथे घरची मोटारदेखील तीन वर्षांची झाली की दरसाल तपासून घ्यावी लागते. पुढच्या दिव्यासमोर एक यंत्र ठेवून झोत कुठे पडतो ते पाहतात. मागचे दिवे, ब्रेकचे दिवे, पाटीवरचा दिवा, सारे एकेक करून लावून बघतात. इंडिकेटर मिनिटाला साठाहून कमी किंवा एकशेवीसाहून जास्त वेळा लुकलुकला, तरी चालत नाही. आणि एवढे करूनही त्या दाखल्याचा अर्थ काय? तपासणीच्या दिवशी गाडी ठीक होती, एवढाच. दुसऱ्या दिवशी बल्ब गेला, तर दाखला काही उजेड पाडत नाही! उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांची पासिंग तिथेही मालकानेच करायची असते.

आपल्याला हे नवे नाही. पूर्वी रात्रीच्या प्रवासाला गाडी जुंपताना धुरकरी काच पुसलेला कंदील बैलगाडीच्या कण्याखाली टांगत असे. त्या मिणमिणत्या उजेडात बैलांना वाट कितीशी दिसणार? पण लांबून येणाऱ्याला कळे की, पुढे गाडी आहे.

म्हणून आपणांला विनंती एवढीच की, घरच्या घरी पासिंग करा. त्याला ना फी, ना रांग. रात्री गाडीची पाठ भिंतीकडे करून उभी करा आणि ब्रेक दाबा. भिंत तांबडी झाली तर ठीक. मग गाडी वळवून भिंतीपासून आठ मीटरवर, म्हणजे साधारण दहा-बारा पावलांवर लावा. दिव्याच्या उंचीवर भिंतीवर खडूने रेघ ओढा. डिपरच्या झोताची वरची कड त्या रेघेच्या खाली राहिली पाहिजे. मागे दोन पोती लादली की गाडीचे नाक वर होते आणि झोतही वर चढतो, हेही ध्यानात असू द्या. ट्रॉली असेल तर मागच्या फळीवर दोन्ही टोकांना तांबड्या रेडियमच्या पट्ट्या लावा, आणि चिखलाच्या दिवसांत निघण्यापूर्वी त्यांवरून फडके फिरवा. पट्टी आहे म्हणून दिवा नको, असे मात्र समजू नका. पट्टी चमकते ती मागच्याच्या उजेडाने, दिवा जळतो तो आपल्या.

माझ्या स्कूटरचा बल्ब दुसऱ्याच दिवशी बदलला. काम पाच मिनिटांचे होते. आता संध्याकाळी निघताना मी स्टँडवर उभ्या असलेल्या कोणालाही विचारतो, "जरा बघता का हो, मागचा दिवा लागलाय का?" आजवर एकानेही नाही म्हटलेले नाही. आणि बहुतेक जण मला उत्तर देऊन झाले की, वाकून स्वतःच्या गाडीचाही दिवा बघतात.