गाडीखोलीचा कोबा कोणाकडून करवून घ्यावा?



आज आपण कोब्याविषयी बोलू. विषय ऐकून काहीजण हसतील. म्हणतील, मास्तरांची शाळा सुटली, आता गवंड्याच्या कामात डोके घालतात. घालतो खरे. कारण बार्शीच्या आसपासच्या गावांत आता पुष्कळांच्या घरी मोटारसायकल आहे, काहींच्या दारी ट्रॅक्टर आहे. गाडीसाठी पत्र्याची एक खोली असते. पण त्या खोलीत गाडी एकटी राहते काय? तिच्यामागे ज्वारीची, तुरीची पोती असतात. कोपऱ्यात फवारणीचा पंप असतो. वर्षाची कमाई तिथेच रचलेली असते. त्या खोलीची जमीन उखडली म्हणजे आपण वरून नवा थर द्यायला निघतो. मग प्रश्न येतो, काम द्यावे कोणाला?

आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने सर्वांत कमी दर सांगणाऱ्याला काम दिले. तो मिस्त्री म्हणाला, "एका दिवसात आरशागत करून देतो बघा." त्याने जुनी जमीन झाडली. वर अर्धा इंच माल पसरला. त्यावर कोरडे सिमेंट भुरभुरले आणि घोटून चकचकीत केले. संध्याकाळी सगळे पैसे घेऊन तो गेला. दिवाळीत जमीन फार सुंदर दिसत होती. शिमग्याला ट्रॅक्टरच्या चाकाखाली तिचे पापड निघू लागले. पुढे वळवाच्या पावसात खालून ओल चढली. पेरणीसाठी ठेवलेल्या सोयाबीनच्या पोत्यांना ती लागली. शंभर दाणे गोणपाटात गुंडाळून उगवून पाहिले, तर निम्मेही उगवले नाहीत. ऐन मृगात बियाणे उसनवारीने विकत आणावे लागले.

आता कोणी म्हणेल, स्वस्ताचा मिस्त्री, दुसरे काय होणार! आम्हाला तसे वाटत नाही. महाग मिस्त्रीही असेच काम करू शकतो. आमच्या मते त्या मिस्त्रीची खूण निराळीच होती. त्याने एकही प्रश्न विचारला नाही.

जाणता कारागीर दर सांगण्याआधी विचारतो. इथे काय उभे राहणार, मोटारसायकल की ट्रॅक्टर? या भेगा कधीपासून आहेत? पावसाळ्यात ओल येते का? खाली मुरूम आहे की काळी माती? हे शेवटचे फार महत्त्वाचे आहे. आपली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसून फाटते. भरावात ती असेल तर वरची जमीन हलणारच. अशा जमिनीवर कितीही थर द्या, खालची भेग वर येते. तिथे जुने उखडून, मुरूम भरून, पाणी मारून, धुमसाने ठोकून मगच नवा कोबा करावा लागतो. हे स्पष्ट सांगणारा मिस्त्री खर्च वाढवतो असे वाटते. पण तो खरे सांगत असतो.

भाराचा विचार आधी करायचा, याचे एक उदाहरण आपल्या बार्शीतच आहे. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. ती बांधणारा इंग्रज इंजिनियर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. त्याचे रूळ अडीच फूट रुंदीचे आणि हलके होते. म्हणून त्याने आधीच ठरवून टाकले, की कोणत्याही आसाखाली पाच टनांहून जास्त भार यायचा नाही. मग त्या हिशेबाने इंजिने आणि डबे करवून घेतले. आता तो मार्ग रुंद झाला आहे, ती छोटी गाडी गेली. पण रुळाला किती सोसेल हे पाहून गाडी करणारा तो मनुष्य आम्हाला फार आवडतो. आपल्या खोलीत गाडी आधीच ठरलेली असते. तेव्हा तिच्या वजनाला पुरेल अशी जमीन करायची.

मिस्त्री जमीन कशी तपासतो तेही पाहा. पहारीच्या टोकाने तो जागोजाग ठोकून ऐकेल. खणखणीत आवाज आला तर जुना थर धरून आहे. बद्द आवाज आला तर तो पोकळ आहे, काढलाच पाहिजे. जिथे तेल सांडले आहे तिथे नवा माल चिकटत नाही. तो डाग खरवडून, धुऊन काढावा लागतो. गुळगुळीत जागी टोचे मारावे लागतात. मग जमीन भिजवून, सिमेंटचा घोळ फिरवून, लगेच नवा माल टाकायचा. ही तयारीच खरे काम आहे. घोटाई शेवटी, आणि तीही बेताची. कोरडे सिमेंट फार भुरभुरले तर वर बारीक भेगा पडतात आणि रोज भुकटी निघते.

म्हणून मिस्त्रीचे जुने काम पाहायला जा. नवे पाहू नका, नवे सगळ्यांचेच छान दिसते. दोन पावसाळे खाल्लेले काम दाखव म्हणावे. तिथे गेल्यावर घरधन्याला विचाराच, पण घरच्या बाईला आधी विचारा. ती रोज झाडते. भुकटी निघते की नाही, पाणी कुठे साचते, हे तिला पक्के ठाऊक असते.

आता दर. मिस्त्री ब्रासवर भाव सांगतात. जमिनीचा ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट. आपली खोली दहा फूट रुंद आणि वीस फूट लांब असेल तर दोन ब्रास झाली. एकाचा दर कमी, दुसऱ्याचा जास्त, एवढ्यावर निवड करू नका. जाडी विचारा. दोनशे चौरस फुटांवर अर्धा इंच थर म्हणजे सुमारे आठ घनफूट माल. दोन इंच म्हणजे सुमारे तेहतीस घनफूट. चौपट फरक! दोन दर एकाच जाडीचे असतील तरच त्यांची तुलना होते.

हल्ली काहीजण इपॉक्सी नावाचा रंगासारखा लेप सुचवतात. दोन द्रव मिसळून तो लावतात. चांगल्या जमिनीवर तो टिकतो, तेलही पुसून निघते. पण खाली ओल असेल तर सुटतो. यासाठी सोपी परीक्षा आहे. दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा कागद जमिनीवर पसरून चारी कडा चिकटपट्टीने बंद करा. सोळा तासांनी उचला. खाली थेंब किंवा काळपट डाग दिसला तर लेपाचे नाव काढू नका. नव्या कोब्यालाही महिनाभर वाळू द्यावा. ही परीक्षा न करता लेप लावायला निघालेल्याला चहा पाजून परत पाठवावे.

माणूस पसंत पडला की बोलणी कागदावर घ्या. पूर्वी मुनीम लिही आणि आपण अंगठा उठवीत होतो. आता तुम्ही स्वतः वाचता, तर स्वतः लिहा. किती ब्रास, किती इंच जाडी, दर काय, काम मालासकट की नुसत्या मजुरीवर, जुने उखडून राडा बाहेर टाकायचा कोणी, हे सगळे लिहा. पाणी कोणी मारायचे हेही लिहा, भांडणे तिथेच होतात. इसार थोडा द्या, काही रक्कम काम झाल्यावर द्या. राहिलेली पंधरा दिवसांनी, जमीन पुन्हा ठोकून पाहिल्यावर द्या. दोघांनी सही करावी. सिमेंटच्या पोत्यावर ते कधी तयार झाले हे छापलेले असते, ते वाचा. तीन महिन्यांहून जुने पोते परत करा. पैशांची पावती जपून ठेवा. काम बिघडले आणि मिस्त्री दाद देत नसेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. तिथे कागद विचारतात, तोंडी बोलणे टिकत नाही.

राहिला काम करण्याचा हंगाम. कोब्याला निदान सात दिवस सतत ओले ठेवावे लागते, आणि ट्रॅक्टर तीन-चार आठवडे आत घेता येत नाही. चैत्र-वैशाखात आपल्याकडे प्यायच्या पाण्याची ओढ असते. कोब्याला कोण घालणार? उन्हाने तो तडकतो तो वेगळाच. शिवाय त्या दिवसांत घरांची कामे निघतात आणि चांगला मिस्त्री सापडत नाही. दिवाळीनंतर, ज्वारीची पेरणी आटोपली की त्याला गाठा. तेव्हा विहिरीला पाणी असते आणि ऊन कोवळे असते. पोती महिनाभर ओसरीत रचून ठेवली तरी पावसाची फारशी भीती नसते.