गेले, वारले, निवर्तले
(सुवर्णमहोत्सवी सभेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी मृत्यूविषयी बोलावयास उभे राहणाऱ्यास ‘शुभ बोल रे नाऱ्या’ असेच आपण म्हणाल. परंतु ह्या स्मरणिकेसाठी जुन्या सभासदांची यादी लिहीत असता एका चिमुरडीने आम्हांस विचारले, “आजोबा, ह्या सगळ्यांना ‘कै.’ ही पदवी कुठे मिळाली?” मुलगी लखनौतच जन्मली आणि वाढली, तिला दोष कसा द्यावा? कैलासवासी म्हणजे काय ते तिला सांगितले. मग मात्र एक साधा शब्द टाळण्यासाठी आपण मराठी माणसे किती आडवाटा धुंडाळतो, हा विचार मनातून जाईना.

आपल्याकडे माणूस वारतो, देवाघरी जातो, राम म्हणतो, किंवा नुसताच ‘जातो’. म्हणूनच उंबरठा ओलांडताना आपण ‘येतो’ म्हणतो. मुसलमान शेजारी पैगंबरवासी होतो, ख्रिस्ती स्नेही ख्रिस्तवासी. ‘मेला’ हा शब्द बायकांनी शिवीसाठी राखून ठेवला आहे! बांगडी फुटत नाही, वाढते; मंगळसूत्र तुटत नाही, तेही वाढते. वास्तुपुरुष ‘तथास्तु’ म्हणेल ही धास्ती त्यामागे आहे. सर्वांत आम्हांस आवडतो तो ‘निवर्तले’ हा शब्द. निवर्तणे म्हणजे परत फिरणे. घरापासून दूर राहणाऱ्यांना तो विशेष लागतो.

येथे आलो आणि ध्यानात आले की, ह्या बाबतीत लखनौकर आपले सख्खे भाऊ आहेत. येथील जुना दुकानदार दुकान बंद करीत नसे, ‘बढ़ाता’ असे, दिवाही तसाच. कुणा बड्या माणसाला बरे नसले तर त्याच्या ‘दुश्मनांची’ प्रकृती बिघडली आहे, असे अदबीने सांगावयाचे. मृत्यूला ‘इंतकाल’ म्हणतात. मूळ अर्थ स्थलांतर. तेव्हा बदली होऊन आलेल्या आम्हां नोकरदारांचा इंतकाल कधीच होऊन गेला आहे! गोमतीकाठच्या स्मशानाला लोक भैंसाकुंड म्हणतात. त्यातला ‘भैंसा’ ऐकताच मराठी मनाला यमाचा रेडा आठवतो. पण त्याचेच दुसरे नाव बैकुंठ धाम. पुण्याचे स्मशानही वैकुंठच. दोन्ही गावांनी शेवटचा पत्ता एकच ठेवला आहे.

परंतु सौम्य शब्द आणि फसवा शब्द ह्यांत अंतर आहे. १७६१ साली पानिपतची वार्ता नानासाहेब पेशव्यांस कळली ती सावकारी पत्रातून, असे सांगतात. त्यात मृत्यूचे नाव नव्हते. मोती, मोहरा आणि न मोजता येणारी खुर्दा नाणी हरवल्याचा मजकूर होता. तरीही दोन मोती कोण, हे वाचणाऱ्याला तत्काळ उमगले: भाऊसाहेब आणि विश्वासराव. इकडे उत्तरेत दुःखाच्या पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला असे. कार्ड हाती पडताच वाचण्यापूर्वी कळे. हे शब्द, ह्या खुणा आडपडद्याच्या खऱ्या, पण खोट्या नव्हेत.

आम्हांस १९७१ साली तार आली ती निराळी. ‘आईची प्रकृती गंभीर. त्वरित निघा.’ त्या काळच्या तारांची ही भाषा सभागृहातील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. आम्ही मात्र नवखे होतो. चारबाग स्टेशनवर आईसाठी रेवड्या घेतल्या. तिला दात नव्हते, पण ती रेवडी चघळत बसे. झाशी गेली, भुसावळ आले. कोणत्या डॉक्टरांना दाखवावे ह्याचा हिशेब आम्ही सारी वाट करीत होतो. घरी पोहोचलो तो अंगणात माणसे बसलेली. तार निघाली तेव्हाच सारे आटोपले होते. धाकटा भाऊ म्हणाला, “दादा, एवढ्या प्रवासात तू एकटा, खरं कसं कळवायचं?” त्याच्या मायेविषयी आम्हांस शंका नव्हती, आजही नाही. तथापि, रेवड्यांची ती पिशवी कुठे ठेवावी हे आम्हांस कळेना.

पुढे काही वर्षांनी मंडळाचे एक वृद्ध सभासद येथे वारले आणि त्यांच्या पुण्याच्या मुलास तार करण्याचे काम आमच्याकडे आले. फॉर्म पुढे ओढला आणि हाताने आपोआप लिहिले, ‘प्रकृती गंभीर’! ज्या शब्दाने आम्हांस दोन दिवस झुलविले, तोच. तो फॉर्म फाडला, दुसराही फाडला. खिडकीतला कारकून त्रासला होता. अखेर लिहिले, ‘बाबा सकाळी निवर्तले. या. आम्ही सर्व आईजवळ आहोत.’

मुलगा तिसऱ्या दिवशी आला. आम्ही अपराध्यासारखे स्टेशनवर उभे होतो. डबा सोडताच तो म्हणाला, “काका, गाडीतच रडून घेतलं. आता आईपुढे उभा राहू शकेन.” आणि सामान आमच्या हाती देऊन तो टांग्याकडे चालू लागला.